परवाना नवा, नळी जुनी

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूरचा घाटमाथा आणि गोव्यातले सत्तरी, सांगे, काणकोण असे तालुके. या पट्ट्यात शेताच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली बंदूक ठासणीची नसेल, तर ती बहुधा एकनळी असते. बारा बोरची, मधोमध मोडून मागून काडतूस घालायची, एका वेळी एकच बार काढणारी. आजोबांनी घेतलेली, वडिलांच्या नावावर चढलेली, आता मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर आलेली. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारक वारला तर वारसाला परवाना मागता येतो. तो हयात असतानाही त्याने वयाची ७० वर्षं गाठली किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, की ती वारसाकडे सोपवण्याची वाट मोकळी होते. म्हणजे बंदुकीचा वंश चालू राहावा अशी सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. मुदत संपत आली की अर्ज, फी, पोलिसांचा अहवाल आणि शिक्का. बंदूक समोर आणायला सांगितलीच, तर तिच्यावरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी ताडला जातो. नळी उजेडाकडे धरून आरपार पाहण्याचा प्रघात नाही. माझं म्हणणं असं, की जुनी एकनळी जरूर बाळगावी, आपल्याला वापरता येईल अशी करूनही घ्यावी. पण बदल करायचा तो लाकडात आणि काडतुसात, नळीच्या आणि चौकटीच्या लोखंडाला हात लावू नये. आणि ते लोखंड अजून शाबूत आहे की नाही, हे पाहण्याचं काम परवाना देणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घ्यावं.

या बंदुकीची रचना एकदा नीट समजली की तिच्यात कुठे हात घालावा आणि कुठे नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. कळ सरकवली की नळी पुढच्या बिजागरीवर खाली झुकते आणि तिचं मागचं तोंड उघडं पडतं. त्यात काडतूस ठेवायचं, नळी उचलून बंद करायची. नळीखाली एक दात असतो; त्यात चौकटीतली खिट्टी जाऊन बसते आणि नळीचं तोंड मागच्या सपाट पोलादी भिंतीला टेकतं. घोडा चढवून चाप ओढला की पिन काडतुसाच्या बुडातल्या केपेवर आपटते. झालं, एवढंच यंत्र. काडतूस उडतं तेव्हाचा सगळा ताण हा दात, ही खिट्टी आणि बिजागरीचा एक खिळा मिळून सोसतात. बारा बोरच्या नेहमीच्या काडतुसाला युरोपीय मापदंडाने ७४० बारपर्यंत दाब चालतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सातशे पटींहून अधिक. हा दाब सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत चढतो आणि उतरतो, पण तेवढ्यात त्याला जिथे वाट सापडेल तिथून तो बाहेर पडतो. गोळी झाडणाऱ्याचा एक हात नळीखाली असतो आणि चेहरा त्या मागच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर.

याच साधेपणात एकनळीचं मोठेपणही आहे. मोडलेली बंदूक उडू शकत नाही, आणि ती मोडलेली आहे हे बांधापलीकडच्या माणसालाही दिसतं. आत काडतूस आहे की नाही हे विचारावं लागत नाही, नळीतून आभाळ दिसतं की नाही एवढं पाहायचं. रात्री माळ्यावर राखणीला बसणारा माणूस काही सैनिक नसतो; दिवसभर राबून आलेला, डोळ्यांवर झापड आलेला शेतकरी असतो. त्याच्या हातात पाच काडतुसं पोटात ठेवणारी बंदूक असण्यापेक्षा एकच काडतूस घेणारी असलेली बरी, हे मत मी मुद्दाम मांडतो, कारण ‘एका बाराने काय होणार’ हाच या बंदुकीवरचा नेहमीचा आक्षेप आहे. एक बार चुकला तर रानडुक्कर पळतं. राखणीचा हेतू तेवढ्यानेही साधतो.

मागून भरायच्या या मोडत्या बंदुकीची कल्पना पॅरिसच्या काझिमिर लफोशो या कारागिराची, १८३० च्या दशकातली. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याची बंदूक मांडली गेली आणि इंग्लिश कारागिरांनी ती उचलली. विल्यम ग्रीनर या त्या काळच्या नामांकित बंदूककाराने मात्र मागून भरायच्या बंदुकांना कडाडून विरोध केला. गंमत अशी, की त्याच्याच मुलाने, डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने, पुढे मोडत्या बंदुकांवरच घराण्याचं नाव जगभर नेलं. बाप बाजारात हरला, पण मोडत्या सांध्याच्या भक्कमपणाविषयीची शंका काही बाजाराने मिटवली नाही. ती शंका मिटवायला इंग्लंडमध्ये वेगळी व्यवस्था उभी होती: बंदूक विकण्याआधी ती सरकारमान्य चाचणीघरात न्यायची, नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस तिच्यात उडवायचं, आणि तरीही नळी, दात, खिट्टी हलली नाही तरच लोखंडावर शिक्का मारायचा. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ पासून हे काम करतं. आपल्याकडे जुनी ‘इंग्लिश’ बंदूक म्हणून जी कौतुकाने दाखवली जाते, तिची नळी चौकटीतून काढून खालची बाजू पाहिली तर हे शिक्के सापडतात. १९५४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या नळीवर मुकुट, त्याखाली बीएनपी ही अक्षरं, काडतूस ज्यात बसतं त्या घराची लांबी आणि किती टन दाबासाठी तिची चाचणी झाली आहे तो आकडा. बंदुकीचा खरा परवाना तो. परवान्याच्या पुस्तिकेत यातलं काहीही लिहिलेलं नसतं.

आपला कायदा शेतकऱ्याच्या बंदुकीकडे कसा पाहतो, हेही इथे पाहिलं पाहिजे. १८७८ च्या लिटनच्या शस्त्रकायद्याने देश निःशस्त्र केला. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला, तेव्हा त्याच्या कलम १३ मध्ये एक बारीक भेद ठेवला. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आटे नसलेली बंदूक. आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तरच शेतकऱ्याला मागून भरायची द्यायची. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती मुद्दामच मर्यादित हत्यार द्यावं, असं कायद्याच्या मनात पहिल्यापासून होतं. त्या मर्यादेबद्दल कुरकुर करणाऱ्यांविषयी मला सहानुभूती आहे, कारण गव्यांचा कळप एका रात्रीत काय करतो ते बागायतदारालाच माहीत. पण गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. राखणीच्या परवान्याने त्याच्यावर बंदूक चालवायची मुभा मिळत नाही. रानडुकरासाठी महाराष्ट्रात वनक्षेत्रपालाकडून परवानगी घेण्याची पद्धत आहे, केरळने २०२२ मध्ये तो अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणला. म्हणजे या बंदुकीचं कायदेशीर काम ठरलेलं आहे: आवाज करून पिटाळणं, आणि परवानगी असेल तेव्हा जवळून डुक्कर मारणं. एवढ्या कामाला एकनळी कमी पडत नाही. ती कमी पडते असं वाटू लागतं, तेव्हाच बदलाचा मोह सुरू होतो.

हा मोह पहिल्यांदा काडतुसातून येतो. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निघणारी ‘शक्तिमान’ काडतुसं आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची. डुकरासाठी एलजी किंवा एसजी घ्यायचं हे पोरासोरांनाही माहीत असतं. पहिल्यात औंसाला सहा मोठे छर्रे, दुसऱ्यात आठ. पण खोक्यावर काडतुसाची लांबीही छापलेली असते, ती किती जण वाचतात? जुन्या बऱ्याच इंग्लिश बंदुकांचं काडतुसाचं घर अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं सर्वसाधारण काडतूस पावणेतीन इंचांचं, ७० मिलिमीटरचं. इथे एक फसवी गोष्ट घडते. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडून, तोंडाची घडी उलगडल्यानंतरची लांबी असते. न उडालेलं, तोंडाशी कमळाच्या पाकळ्यांसारखी घडी घातलेलं ७० चं काडतूस जेमतेम ५८ मिलिमीटर भरतं. त्यामुळे ते ६५ च्या घरात काहीही न अडता बसतं, बंदूक टचकन बंद होते, आणि मालक म्हणतो, बसलं की! उडताना मात्र त्या घडीला उलगडायला जागा उरत नाही. ती घराच्या पुढे, जिथे नळी अरुंद होत जाते, तिथे उघडते. छर्रे त्या बोळातून कोंबले जातात आणि मागे दाब वाढतो. नळी बहुतेक वेळा त्याच दिवशी फुटत नाही. खिळा थोडा झिजतो, दात थोडा सैल होतो. बंद केल्यावर नळी आणि मागची भिंत यांच्यात केसभर फट पडते, आणि पुढच्या प्रत्येक बाराला ती वाढत जाते.

यावर उपाय म्हणून घर आतून कोरून लांब करण्याचा सल्ला देणारे कारागीर असतात. काम होतंही. पण कोरलं जातं ते नेमकं अशा जागी, जिथे दाब सर्वांत जास्त आणि नळीची भिंत जाड असणं सर्वांत गरजेचं. इंग्लंडमध्ये असं घर लांबवलं की जुना शिक्का बाद धरला जातो आणि बंदूक पुन्हा चाचणीघरात न्यावी लागते. आपल्याकडे कोरणारा कोरून मोकळा होतो. पुन्हा चाचणी घ्यायची असते हे मालकाला कोणी सांगतच नाही. मोठ्या घराची हौस असणाऱ्याने त्यापेक्षा लहान काडतूस शोधावं. ते मिळत नसेल तर ती बंदूक भिंतीवर शोभेची ठेवावी, हे ऐकायला कडू असलं तरी.

काडतूस हलकं असावं याला दुसरंही कारण आहे, आणि ते गणिताचं आहे. बंदूकबाजांमध्ये एक जुना दंडक आहे: छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट बंदुकीचं वजन असावं. ३२ ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसाला तीन किलोहून थोडी जड बंदूक लागते. एकनळी बऱ्याचदा अडीच-पावणेतीन किलोंचीच असते, हातात घेऊन डोंगर चढायला सोयीची. तिला दंडकाप्रमाणे २६ ते २८ ग्रॅमच शोभतात. त्याच अडीच किलोंच्या बंदुकीत ३६ ग्रॅमचं जड काडतूस घातलं की खांदा सुजतो, इथपर्यंत सर्वांना कळतं. त्याच्या पुढचं कळत नाही: खांद्याला बसणारा धक्का आधी दस्त्याच्या मानेतून गेलेला असतो. जुन्या एकनळीचा दस्ता मानेशी चिरलेला, तारेने किंवा पितळी पट्टीने बांधलेला दिसतो, त्यातले बरेच दस्ते पडून नव्हे तर असे धक्के खाऊन गेलेले असतात. आणि धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. जड काडतुसाने नेम सुधारण्याऐवजी बिघडतो, आणि जखमी डुक्कर उसात किंवा करवंदीच्या जाळीत शिरतं. दुसऱ्या दिवशी ते कोणावर धावून जाईल याचा नेम नसतो.

दुसरा मोह नळी कापण्याचा. लांब नळी माळ्यावर अडचणीची, मोटारसायकलवर अडचणीची. तोंडाशी गंजून ठेचली गेली असेल तर कापून टाकावी असं कोणालाही वाटतं. इथे कायदा स्पष्ट आहे आणि विलक्षण कडकही. शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. त्याच दुरुस्तीने एका प्रकारच्या हत्याराचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणंही या कलमात आणलं. जगात सगळीकडे आखूड नळीवर कायद्याचा डोळा आहे: अमेरिकेत १९३४ पासून १८ इंचांची मर्यादा, ब्रिटनमध्ये २४ इंचांची, आपल्याकडे कलम १३ मध्ये २० इंच. कारण उघड आहे, आखूड बंदूक सदऱ्याखाली लपते. पण कायदा बाजूला ठेवला तरी नळी कापणारा स्वतःचंच नुकसान करतो. एकनळीच्या तोंडाशी शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये नळी किंचित आवळलेली असते. त्याला चोक म्हणतात. पूर्ण चोकची नळी ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे घालते, बिनचोकची फक्त ४० टक्के. दोन बोटं नळी कापली की चोक गेला, आणि सत्तरची बंदूक चाळीसची झाली. डुकराच्या बाबतीत हा फरक मारणं आणि जखमी करणं यांतला आहे.

तिसरा मोह फारसा बोलला जात नाही, पण कधीतरी कानावर येतो: नळीत नळी घालून किंवा नळीच बदलून वेगळं काडतूस उडवायचं. परदेशात हा रीतसर व्यवसाय आहे, आणि त्याचंच एक उदाहरण माझ्या मुद्द्याला सर्वांत जास्त उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८७१ मध्ये सुरू झालेल्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसन या कंपनीने स्वस्त एकनळीवर आपला जम बसवला. १९८६ मध्ये ती बंद पडली, १९९१ मध्ये त्याच नावाने पुन्हा उभी राहिली, २०१५ मध्ये तिच्या एकनळ्यांचं उत्पादन थांबलं. तिची एक योजना होती: गिऱ्हाइकाने आपली चौकट कारखान्यात पाठवायची आणि कारखान्याने तिला वेगवेगळ्या बोरच्या नळ्या बसवून द्यायच्या. एका चौकटीवर बारा, वीस, चार-दहा, शिवाय रायफलच्याही. बदल करण्याची याहून मोठी मोकळीक कोणत्या मालकाला मिळणार? पण त्यातही कारखान्याने एक रेघ ओढलेली होती. त्यांच्या दोन प्रकारच्या चौकटी होत्या. एसबी-१ ही साधी, छर्ऱ्याच्या बंदुकीची, आणि एसबी-२ ही कणखर पोलादाची. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या. एसबी-१ वर रायफलची नळी बसवून द्यायला कारखाना साफ नकार द्यायचा, कारण रायफलच्या काडतुसाचा दाब त्या चौकटीला सोसवणारा नव्हता. ज्यांनी ती चौकट ओतली, ज्यांच्याकडे तिचे आराखडे आणि चाचण्या होत्या, त्यांनीच ‘नाही’ म्हटलं. आपल्याकडच्या कारागिराजवळ ना आराखडा असतो ना चाचणी, आणि त्याने ‘हो’ म्हणावं? इथे बोरविषयी एक धोक्याची सूचनाही द्यायला हवी: वीस बोरचं काडतूस चुकून बारा बोरच्या बंदुकीत घातलं तर ते आत घसरून पुढे अडकतं. बंदूक रिकामी समजून मागून बाराचं घातलं आणि चाप ओढला, तर नळी हमखास फुटते. म्हणूनच वीस बोरची काडतुसं जगभर पिवळ्या रंगाची करतात. घरात दोन बोर असतील तर दोन्हीची काडतुसं एका पिशवीत कधीही ठेवू नयेत.

मग करावं तरी काय? लाकूड बदलावं. परवाना वडिलांच्या नावावरून सुनेच्या नावावर आला, तिचा हात लहान, तर दस्ता मागून आखूड करून घेणं, टोकाला रबराची गादी बसवणं, चिरलेली मान जोडण्याऐवजी दस्ताच नवा घालणं, ही परवानाधारक बंदूकमिस्त्रीची सरळ कामं आहेत. नळीच्या टोकाचा मणी झिजला असेल तर ठळक मणी घालावा. झिजलेली पिन, थकलेली स्प्रिंग बदलावी. घोड्याकडे विशेष लक्ष द्यावं: फार जुन्या बंदुकांत सोडलेला घोडा पिनेवर टेकूनच राहतो, आणि अशी भरलेली बंदूक हातून निसटून दगडावर आपटली तर उडते. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून घोडा आपटून आपोआप मागे सरण्याची युक्ती आली. ती आपल्या बंदुकीत आहे की नाही हे रिकाम्या बंदुकीवर अर्ध्या मिनिटात कळतं. आणि गंज. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, किनाऱ्याकडे खारा वारा. खंडेनवमीला बंदुकीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल न चुकता मिळतं, नळीत तेलाचं फडकं मात्र वर्षानुवर्षं फिरत नाही. खोबरेल लावू नये, ते चिकटून बसतं आणि खाली गंज सुरूच राहतो. बंदुकीचं तेल महाग वाटलं तरी बाटली दोन वर्षं पुरते.

‘साठ वर्षं चालली, आता काय होणार?’ हा सर्वांत जड आक्षेप, आणि तो अडाणीपणाचा नाही. अनुभव हा पुरावाच आहे. पण तो कशाचा पुरावा? त्या साठ वर्षांत बंदुकीने किती बार काढले? राखणीच्या बंदुकीने वर्षाला फार तर काही डझन काढले असतील. म्हणजे ती वापराने झिजलेली नसेलही, पण साठ पावसाळे तिने आढ्याला टांगून काढले आहेत. गंज नळीच्या आतून खड्डे पाडतो. इंग्लंडमधले बंदूककार नळीची भिंत २० हजारांश इंचांपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा, पातळ झाली की ती बंदूक वापरायला नाखूश असतात. गंजाचा एक खड्डा किती खोल गेला आहे हे बाहेरून दिसत नाही, त्याला आतून-बाहेरून मोजणारं साधन लागतं. शिवाय ज्या काडतुसांच्या भरवशावर ती साठ वर्षं चालली, ती पूर्वीची होती. आता खोक्यातून निघणारी तीच असतील असं नाही. म्हणून अनुभवाला मान देऊनही दोन-चार गोष्टी मालकाने स्वतः कराव्यात. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून, पुढचं लाकूड काढून, बंद नळी दस्त्याशी धरून हलवावी. खटखट आवाज आला तर बिजागरी झिजली आहे. नळी उजेडाकडे धरून आत काळे ठिपके, आणि त्याहून वाईट म्हणजे फुगल्याचं काळं कडं दिसतं का ते पाहावं. उडालेल्या काडतुसाचं बूड पाहावं: केप मागे फुगून आली असेल, फुटली असेल किंवा पिनेची खूण मध्यापासून सरकली असेल, तर ती बंदूक पुन्हा भरू नये. हे वाचून आपली आपण दुरुस्ती करू नये, एवढंच मात्र लक्षात ठेवावं. गावात वेल्डिंग चांगलं करणारा कोणी असतो. नळीला किंवा चौकटीला त्याची आच लागली की पोलादाचं पाणी उतरतं. आणि परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं हाही कलम ५ प्रमाणे गुन्हाच.

पण हे सगळं मालकावरच का टाकायचं? खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढच्या पाच वर्षांसाठी ती वाढवायची तर गाडी परिवहन कार्यालयात नेऊन तपासून घ्यावी लागते, नुसता अर्ज चालत नाही. बंदुकीचा परवानाही पाच-पाच वर्षांनीच वाढतो. नव्या बंदुकीला कारखान्यातून निघताना चाचणी लागते. नव्या परवानाधारकाला शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मधल्या साठ वर्षांत त्या लोखंडाचं काय झालं, हे मात्र कुणाच्याच खात्यात येत नाही. याला उत्तर म्हणून सांगतात, की आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक खेप, आणखी एक टेबल, आणि टेबलाखालचं जे काय असेल ते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या शेतकऱ्याला त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसपर्यंत जावं लागलं तर त्याची दोन दिवसांची मजुरी बुडते. हा आक्षेप खरा आहे. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, मुळात बंदुकाच नकोत. सौर कुंपण घाला, भरपाई द्या. कुंपण आणि भरपाई हवीच, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण बंदूक काढून घेतल्याने राखण थांबत नाही. ती उघड्या विजेच्या तारेवर आणि घरगुती स्फोटक गोळ्यावर जाते, आणि त्याचा बळी बहुधा शेजारची गाय किंवा शेजारचा माणूस ठरतो. कायद्याने मान्य केलेली बंदूक आहे तोवर ती धड असावी, ही मागणी दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नाही.

आणि खेपेचा प्रश्न सोडवायची संधी सरकारकडे आयती चालून येते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. महाराष्ट्र विधानसभेच्या २०१४, २०१९ आणि २०२४ च्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाल्या, म्हणजे ऐन भातकापणीत. लोकसभेच्या एप्रिल-मेमध्ये, म्हणजे काजू झाडावर असताना. ज्या आठवड्यांत बंदूक शेतात हवी असते, नेमक्या त्याच आठवड्यांत ती ठाण्याच्या खोलीत कोपऱ्याला उभी असते, आणि परत मिळते तेव्हा बऱ्याचदा आणखी गंजलेली. शेतकऱ्यांची यावरची नाराजी रास्त आहे, आणि कोणाच्या बंदुका जमा करायच्या हे ठरवणाऱ्या छाननी समितीने राखणीच्या बंदुका सरसकट जमा करवून घेऊ नयेत, हे मागणं लावून धरलंच पाहिजे. पण ज्या जमा होतात, त्या तेवढे आठवडे सरकारच्याच ताब्यात असतात. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रं तपासणारे आर्मोरर असतात. त्यांनी ठाण्यात येऊन प्रत्येक एकनळी मोडावी, नळी उजेडाला धरावी, बिजागरी हलवून पाहावी, घर मोजावं, आणि परत देताना परवान्यासोबत एक चिठ्ठी द्यावी: घराची लांबी इतकी, काडतूस अमुकच, किंवा ही बंदूक वापरू नये. याला नवा कायदा लागत नाही, शेतकऱ्याची एकही जादा खेप होत नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी एक परिपत्रक काढलं तरी पुरे. येत्या निवडणुकीत ज्यांची बंदूक ठाण्यात जमा होणार आहे, त्यांनी ही तपासणी लेखी मागावी, आणि परत घेताना पावतीवर सही करण्याआधी नळी एकदा आपणही उजेडाकडे धरावी.